प्रश्नचिन्हाच्या जागी

सीताबर्डी हे नाव कुठे 'सीताबर्डी' तर कुठे 'सिताबर्डी' असे लिहिलेले आढळते. इंग्रजीने त्याचे 'सीताबुल्डी' केले, आणि नागपूरकर नुसते 'बर्डी' म्हणतो. वाचकाचे यात काही अडत नाही. संगणकाला मात्र ही चार निराळी गावे वाटतात. बर्डीवरच्या आमच्या मराठी विभागात विदर्भातील ग्रंथांची सूची एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी संगणकावर आणायचे ठरले, तेव्हा आम्हां साहित्याच्या माणसांना डेटाबेसची भाषा शिकणे भाग पडले.

तिथला पहिला नियम असा, की वाचकाने टंकलेला शब्द प्रश्नाच्या वाक्यात थेट चिकटवायचा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आडनाव रोमन लिपीत कधी 'डी' या अक्षरानंतर वरचा स्वल्पविराम देऊन लिहितात. ते एसक्यूएलच्या वाक्यात तसेच जोडले, की डेटाबेसला नाव तिथेच संपले असे वाटते आणि उरलेले 'ब्रिटो' तो आज्ञेचा भाग म्हणून वाचू पाहतो. कुणी खोडसाळपणे तिथे खरीच आज्ञा लिहिली, तर सूची पुसलीही जाऊ शकते. म्हणून वाक्यात नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात. आधी वाक्याचा अन्वय ठरतो. नाव मागाहून, वेगळे, पोहोचते. मग त्यात काहीही असो, ते नावच राहते. व्याकरण शिकवणाऱ्यांना हे पटायला वेळ लागत नाही: 'तो जा म्हणाला' हे वाक्य ऐकून वर्गातून कुणी उठून जात नाही.

परंतु या प्रश्नचिन्हाने लिपीचा घोळ मिटत नाही. ग्रेस यांच्या 'वाऱ्याने हलते रान' या पुस्तकाला २०११चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधाला ते भिन्न शब्द असतात. विद्यार्थी अचूक टंकतो आणि पुस्तक नाही असे उत्तर येते! नोंद करताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घेणे, एवढाच उपाय.

खरा वाद त्यापुढचा. तक्त्यात प्रत्येक पुस्तकाची एक ओळ असते. प्रोग्राममध्ये त्या ओळींतून 'लेखक' नावाचा एक ऑब्जेक्ट घडवून त्याची पुस्तके त्याखाली गोळा करायची असतात. यंत्र हे क्षणात करते, मात्र कोणत्या ओळी एका लेखकाच्या, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. नावावरून ठरवावे, तर 'अनिल' हे आ. रा. देशपांडे यांचे टोपणनाव आणि कितीतरी माणसांचे पाळण्यातले नाव. म्हणून प्रत्येक लेखकाला क्रमांक द्यायचा. आता ग्रेस आणि माणिक गोडघाटे यांना एकच क्रमांक द्यावा काय? आमच्यातील एकांचे म्हणणे, कवीने घेतलेले नाव हा त्याच्या निर्मितीचाच भाग. ते जन्मनावाखाली लोटणे ही समीक्षा आहे, सूचीकाम नव्हे. दुसऱ्यांना शोधनिबंध लिहिणारी मुलगी डोळ्यांपुढे दिसत होती, जिला दुसऱ्या नावाखालचा मजकूर कधीच सापडला नसता. आम्ही दुसऱ्या बाजूला झुकलो. क्रमांक एक ठेवला. पण मुखपृष्ठावर छापलेले नाव लेखकाच्या नव्हे, तर पुस्तकाच्या ओळीत नोंदवले, आणि ते बदलायचे नाही असे ठरवले. पहिल्या पक्षाचे समाधान अजून झालेले नाही.