कणीची खोली

कणी आली ती पिंजऱ्यासकट. भाचा शिकायला पुण्याला निघाला आणि जाताना एक जाळीचा पिंजरा, पाण्याची बाटली आणि ही पांढरी, लाल डोळ्यांची सशीण असा सगळा संसार आमच्या छपरीत ठेवून गेला. नाव मुलीने ठेवलं, कणी म्हणजे तांदळाचा तुकडा. गोंदियासारख्या तांदळाच्या जिल्ह्यात पांढऱ्या जिवाला याहून वेगळं नाव सुचायचं तरी कसं! पिंजऱ्यात ती मागच्या पायांवर उभी राहिली की कान वरच्या जाळीला टेकायचे. दिवसभर गप्प बसून असायची, म्हणून आम्हाला वाटलं, गरीब जनावर आहे. पहाटे गजांवर दात घासल्याचा कर्रकर्र आवाज सुरू झाला की सगळं घर जागं व्हायचं. ससा दुपार झोपून काढतो. त्याचा खरा दिवस पहाटे आणि तिन्हीसांजेला. दुकानात आपण बघायला जातो ते नेमकं त्याच्या झोपेच्या वेळी, त्यामुळे तो शांत वाटतो आणि एवढासा पिंजराही पुरेसा वाटतो.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे प्रकरण पहिल्यापासून पटलं नव्हतं. "सस्सा धुऱ्यावर पाहावा," ते म्हणाले, "जाळीत का पाहायचा?" धुरा म्हणजे शेताचा बांध.

तरी पिंजऱ्याचं दार उघडं टाकायचं ठरलं ते दयेपोटी नव्हे, उन्हापायी. आमगावकडच्या धानाच्या गावांत अर्धी जुनी, अर्धी नवी अशी घरं बरीच दिसतात, त्यातलंच आमचं. मागे मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली भुई. पुढे स्लॅब, टाइल्स आणि हॉलच्या खिडकीत कूलर. मे महिन्यात इथे पारा ४५च्या आसपास जातो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकणंही त्याला साधत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायचं त्याचं मोठं साधन म्हणजे कान. त्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्त निवून अंगात परत जातं. पण भोवतालची हवाच अंगापेक्षा तापलेली असेल तर कान तरी काय करणार? ३० अंशांच्या वर सशाला उन्हाचा झटका बसायची भीती असते, आणि आमच्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा कधी कधी त्याच्या खाली उतरत नाही. आम्ही पिंजरा छपरीतून हॉलमध्ये, हॉलमधून मागच्या खोलीत, तिथून पुन्हा कूलरसमोर असा नेत राहिलो. शेवटी हे कंटाळून म्हणाले, "दार उघड, तिची जागा ती पाहून घेईल."

तिने पाहून घेतली. मागच्या खोलीत तांदळाची पत्र्याची कोठी विटांवर ठेवलेली आहे. दुपारी कणी कोठीशेजारी सारवलेल्या भुईवर लांबलचक पसरायची, मागचे पाय सरळ, कान पाठीवर. संध्याकाळी टाइल्स निवल्या की हॉलमध्ये. पहाटे छपरीच्या दाराशी, जिथे सांदवाडीतून, म्हणजे परसातून, वाऱ्याची झुळूक येते. कूलरसमोर मात्र कधी बसली नाही, त्याची घरघर तिला नको असावी. आम्ही कूलर लावून ज्या हॉलमध्ये घामेजून पडत होतो, त्याच्यापेक्षा मागची खोली दुपारी बरी आहे, ही गोष्ट मामाजी कितीतरी वर्षं सांगत होते. कोणी ऐकत नव्हतं.

मोकळा ससा ठेवायचा म्हणजे घर आपल्या घोट्याच्या उंचीवरून बघावं लागतं. त्या उंचीवर आमच्या घरात वायरीच वायरी होत्या. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. झिजवायला काहीतरी लागतंच, आणि जमिनीलगत लोंबणारी बारीक वायर त्याला मुळीसारखी वाटते की काय कोण जाणे, एका दातात तुटते. उन्हाळ्यात सगळ्यात भीतीची वायर कूलरची, कारण तिथे वीज आणि पाणी शेजारी शेजारी. यांनी प्लास्टिकचा पाइप उभा चिरून त्यात ती घातली आणि भिंतीला क्लिपांनी ठोकली. एक्स्टेन्शन बोर्ड वर गेले. मोबाइलचे चार्जर, टीव्हीच्या मागचा गुंता, दिवाणाखालची जुनी वह्यापुस्तकं, सगळ्यांची जागा बदलली. तिच्या दातांसाठी सांदवाडीतल्या जामाच्या फांद्या आणि बांबूची एक जुनी टोपली दिली. टोपलीचं आता फक्त बूड उरलं आहे.

टाइल्सचं दुखणं वेगळं. सशाच्या पायाला मांजरासारखी गादी नसते, तळव्यांनाही केसच असतात. गुळगुळीत फरशीवर ते केस धरत नाहीत. सुरुवातीला कणी मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत झोकात यायची आणि पुढे टाइल दिसली की थबकायची. उतरलीच तर मागचे पाय फाकायचे. मग आम्ही धानाचा जुना तागाचा बारदाना उसवून, सुटे दोरे कापून, उंबऱ्यापासून हॉलच्या खिडकीपर्यंत पट्टा अंथरला. पाहुणे विचारतात, धान वाळवायला टाकणार का? त्या पट्ट्यावरून ती तिन्हीसांजेला धावते, मध्येच हवेत उडी घेऊन अंगाला पीळ देते आणि उलट तोंड करून उतरते. खूश झालेला ससा असंच करतो. पिंजऱ्यात ही उडी मारायला जागाच नव्हती, त्यामुळे सशाला असं काही येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मोकळ्या सशाने घरभर घाण केली असेल, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. लघवीसाठी तो एक कोपरा धरतो आणि खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून त्या कोपऱ्यात पसरट ट्रे, खाली रद्दी, आणि तोंडाशी चारा ठेवला की बरंचसं काम भागतं. राइस मिलचा भुसा फुकट मिळतो, पण त्याची धूळ उडते आणि ओल तो धरत नाही. तणस अंथरायला चांगली, खायला नुसत्या तिच्यावर भागत नाही, पोषण कमी. खायला गवत, आणि गवत म्हणजे मुख्यतः हरळी. तीही कुठलीही नाही. धानावर तुडतुड्यांची फवारणी सुरू झाली की धुऱ्यावरचं गवत बाद, सांदवाडीतलंच काढायचं.

शेजारच्या काकू मात्र प्रेमाने मूठभर कणी घेऊन येतात. कोंबड्यांना चालते, हिला का चालू नये? सशाचं पोट चाऱ्यातल्या तंतूंवर चालतं. आतड्याच्या एका मोठ्या पिशवीत तो चारा आंबतो. पिठूळ दाणा तिथे गेला की सगळं बिघडतं, आणि सशाला ओकताही येत नाही. अर्धा दिवस ससा काही खात नसेल तर डॉक्टर गाठावा. म्हणून तांदूळ, कणी, मुरमुरे, पोहे यांच्यापासून हिला जपावं लागतं, आणि तेही गोंदिया जिल्ह्यात! काकूंची कणी मी घेते आणि चिमण्यांना टाकते.

पोटाचाच आणखी एक नमुना मामाजींनी पाहिला. एका सकाळी ते तोंड वाकडं करून सांगत आले, "हे आपलीच घाण खाऊन राहिली!" खरं आहे. ससा दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकतो. त्यातल्या मऊ, घोसासारख्या लेंड्या तो थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो, कारण पहिल्या फेरीत न मिळालेलं सत्त्व त्यात असतं. गाय रवंथ करते तशातलंच, वाट तेवढी लांबची. मामाजींना गायीचा दाखला पटला. तोंड मात्र सरळ झालं नाही.

नातेवाइकांपैकी कोणी ना कोणी म्हणतंच, एवढी हौस आहे तर नागझिऱ्यात सोडून द्या की, मोकळी जगेल. मला याचा राग येतो. मामाजींच्या धुऱ्यावरचा ससा आणि ही कणी, दोन्हींना आपण ससाच म्हणतो, पण जात निराळी. रानातला ससा बीळ करत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. कणीचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचं खाल्लेलं, अंधारातही चमकणारं पांढरं जनावर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडणं म्हणजे कोल्ह्याला ताट वाढणं. अभयारण्यात पाळीव जनावर असं सोडायला मोकळीक नाहीच. उलट बाजूने, रानातला ससा धरून घरी आणणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही काहींना सांगावं लागतं.

पावसाळ्यात तिच्या मोकळेपणाला आम्ही कात्री लावतो. मोरीला बारीक जाळी, संध्याकाळी मागचं दार बंद. मुंगसं येतात, साप येतात. एका रात्री तिने मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटला, पुन्हा आपटला, थांबेचना. हे टॉर्च घेऊन गेले तर जाळीबाहेर मांजर बसलेलं. दिवाळीत फटाक्यांना ती असाच पाय आपटते, तेव्हा आमच्यापैकी कोणीतरी कोठीपाशी जाऊन नुसतं बसतं. उचलून घेतलेलं तिला आवडत नाही. मुलांना हे समजावणं सगळ्यात अवघड. सशाचं पाठीचं हाड नाजूक, उचलताना त्याने जोरात लाथ झाडली तर ते मोडूही शकतं. कान धरून तर उचलायचंच नाही.

थंडीत तिला नागपूरला नेऊन नसबंदीची शस्त्रक्रिया करून आणली. गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाच्या गाठीचा धोका मोठा असतो, म्हणून ही शस्त्रक्रिया करून घेतलेली बरी. डॉक्टरांनी बजावलं होतं, उपाशी आणू नका. माणसाच्या आणि कुत्र्याच्या ऑपरेशनआधी उलटीच्या भीतीने पोट रिकामं ठेवतात. सशाला उलटीच नाही, उपासानेच त्याचं पोट बंद पडतं. जाताना रेल्वेच्या डब्यात ती हरळी खात बसली होती आणि समोरच्या बाई विचारत होत्या, आजारी आहे म्हणता ना?

सध्या घरात वाद वेगळाच चालू आहे. दिरांनी मागच्या खोलीतही टाइल्स बसवायचं काढलंय. त्यांचं म्हणणं खोटं नाही. गोठा रिकामा झाला, सारवायला शेण दुसऱ्याकडून मागून आणावं लागतं, सारवते मी आणि गुडघेही माझेच दुखतात. दिवाळीनंतर मिस्त्री येणार. सस्याच्या पायी का खोली तशीच ठेवायची, असं दिरांनी विचारलं, तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मला उत्तर सुचलं नाही. मामाजी बोलले.

"लाव ना टाइल. पण कोठीजवळची भुई राहू दे. दुपारी मीबी तिथंच निजतो."

मिस्त्रीला माप देताना तेवढा तुकडा वगळला आहे.