शॅमरॉकचा मनोरा : वाट वळली, पेठ उरली

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या उत्तर भागात, सपाट माळरानावर शॅमरॉक हे गाव वसले आहे. लोकवस्ती दोन हजारांच्या आत. आयर्लंडहून आलेल्या एका मेंढपाळाने १८९० मध्ये येथे टपाल कचेरीसाठी अर्ज केला आणि मायदेशी शुभ मानल्या जाणाऱ्या त्रिदळी वनस्पतीचे नाव तिला सुचविले. पुढे रेल्वे आली; परंतु गावाला खरी बरकत दिली ती रस्त्याने. १९२६ मध्ये शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे जाणारा ‘रूट ६६’ आखला गेला आणि तो गावातूनच निघाला. उत्तर-दक्षिण धावणारा ८३ क्रमांकाचा महामार्ग त्याला येथेच छेदतो. हा चौक म्हणजेच शॅमरॉकचे भांडवल.

या चौकात १९३६ मध्ये एक पेट्रोल पंप उभा राहिला. काळ मंदीचा होता. अवर्षणाने व धुळीच्या वादळांनी शेती बुडाली होती आणि बिऱ्हाडे मोटारींवर लादून शेकडो कुटुंबे याच वाटेने पश्चिमेकडे निघाली होती. अशा वेळी जॉन नन या व्यावसायिकाने जुन्या खिळ्याने मातीत रेघा ओढून इमारतीचे चित्र काढले, असे सांगतात. वास्तुशिल्पी जे. सी. बेरी यांनी त्या रेघांना आकार दिला. विटांचे बांधकाम, त्यावर हिरव्या व सोनेरी रंगाच्या चकचकीत फरशा, आणि वर उंच मनोरा. एका बाजूस कॉनोको कंपनीचे पेट्रोल, दुसऱ्या बाजूस उपाहारगृह. उपाहारगृहाच्या नावासाठी स्पर्धा ठेवली गेली व ५० डॉलरचे बक्षीस एका लहान मुलाने पटकावले. ‘यू ड्रॉप इन’, म्हणजे ‘सहज डोकावून जा’, हे ते नाव.

हा थाट निव्वळ हौसेचा नव्हता. पेट्रोल सर्वत्र सारखेच; मग वेगाने जाणाऱ्या गिऱ्हाइकाने येथेच का थांबावे? मनोरा दुरून दिसे, रात्री निऑनच्या दिव्यांनी उजळे. गाडी थांबताच नोकर पेट्रोल भरी, तेल व पाणी पाही, काच पुसून देई. तोवर कुटुंब जेवून घेई. एका थांब्यावर दोन व्यवहार होत, आणि आदबीने वागविलेले गिऱ्हाईक परतीच्या वाटेवर पुन्हा येई.

१९५६ च्या कायद्याने अमेरिकेत नव्या द्रुतगती महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. त्यांपैकी ४० क्रमांकाचा मार्ग शॅमरॉकला वळसा घालून गेला. अशा मार्गावरून वाटेल तेथे उतरता येत नाही. म्हणून धंदा उतारांच्या तोंडाशी सरकला. चौकातील दुकानदाराचा माल तोच, सचोटी तीच, भावही तेच. पण समोरची वाटच निघून गेली. १९८५ मध्ये ‘रूट ६६’ सरकारी नोंदींतून वगळण्यात आला. मनोऱ्याचे मालक बदलले, नावे बदलली, काही काळ तेथे बसथांबाही होता. अखेर दारे बंद झाली.

गावापुढे तेव्हा जो प्रश्न उभा राहिला, तो महामार्गालगत पेढी असणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल : ज्यातून उत्पन्न नाही, ते सांभाळायचे कशासाठी? उत्तर गावातल्याच बँकेने दिले. फर्स्ट नॅशनल बँकेने १९९९ मध्ये ही वास्तू विकत घेतली आणि गावास अर्पण केली. सरकारी अनुदानातून डागडुजी झाली. फरशा, मनोरा, दिवे यांना पूर्वरूप आले. आज तेथे पर्यटक केंद्र आहे आणि व्यापारी मंडळाची कचेरीही आहे. २००६ च्या ‘कार्स’ या चित्रपटात या मनोऱ्याची प्रतिकृती झळकल्यापासून लहान मुले आईबापांचा हात धरून तो पाहायला येतात.

गावातच मॅग्नोलिया कंपनीचा जुना, लहानसा पंपही जपून ठेवला आहे. दोहोंतही आज पेट्रोल मिळत नाही. मात्र मनोऱ्याच्या आवारात विजेच्या मोटारी भारण्याची यंत्रे बसविली आहेत. गाडी भारून होईपर्यंत प्रवाशाला थांबावेच लागते आणि तेवढ्या वेळात तो गावात एक फेरफटका मारतो. जुन्या चौकाला पुन्हा थोडे गिऱ्हाईक लाभले आहे.