कोपऱ्यातला नकाशा

दोस्तांनो, चौघं-पाचजण मिळून कॉम्प्युटरवर एखादा खेळ खेळत असताना तुमचे डोळे नेमके कुठे असतात? "हा काय प्रश्न झाला? पडद्यावर!" असंच म्हणणार तुम्ही. बरोबर आहे. पण पडद्यावर कुठे? सांगू? अगदी मधोमध! आपला घोडा जिथे धावतोय, आपली घरं जिथे उभी राहतायत, तिथेच नजर खिळलेली. आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात एक चिमुकला नकाशा असतो. कुणीतरी आपल्याकडे बघेल म्हणून तो बिचारा डाव संपेपर्यंत ताटकळत बसतो. आज त्या नकाशाविषयी सांगणार आहे, आणि तो वाचायला ज्यानं आम्हाला शिकवलं त्या माझ्या आतेभावाविषयीही.

हा कोपऱ्यातला नकाशा तसा जुनाच. १९८० साली जपानच्या नामको कंपनीनं 'रॅली-एक्स' नावाचा खेळ काढला. चक्रव्यूहात गाडी पळवायची आणि झेंडे गोळा करायचे. पण पडद्यावर चक्रव्यूहाचा एक तुकडाच मावायचा. मग बाकीचं कळणार कसं? म्हणून एका बाजूला रडार दिलं होतं. झेंडे कुठे आहेत, शत्रूच्या गाड्या कुठे आहेत, ते त्यात ठिपक्यांनी दिसे. गंमत म्हणजे रडारमध्ये चक्रव्यूहाच्या भिंती मात्र दिसत नसत! शत्रू कुठून येतोय ते कळे, पण निसटायची वाट आपली आपण शोधायची. चाळीसहून जास्त वर्षं झाली, खेळ कुठल्या कुठे गेले, पण ही गोष्ट तशीच राहिली. नकाशा अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं आपण ओळखायचं असतं.

आम्ही भावंडं खेळतो तो खेळ म्हणजे 'एज ऑफ एम्पायर्स २'. तो पहिल्यांदा आला १९९९ साली आणि २०१९ साली नवं रूप घेऊन पुन्हा आला. जास्तीत जास्त आठ जणांना तो एकत्र खेळता येतो. सुरुवातीला आपल्याकडे एक टाऊन सेंटर, मोजके गावकरी आणि टेहळणी करणारा एक घोडेस्वार. लाकूड, अन्न, सोनं, दगड जमवायचे, गाव वाढवायचं, सैन्य उभारायचं आणि शत्रूशी भिडायचं. उजवीकडे खाली शंकरपाळ्याच्या आकाराचा नकाशा असतो. आधी तो सगळा काळाकुट्ट. घोडेस्वार फिरेल तसतसा उजळत जातो. पण घोडा पुढे गेला की मागचा भाग पुन्हा अंधुक होतो. तिथली झाडं आपण मघाशी पाहिली तशी दिसत राहतात, पण तिथे या क्षणी काय चाललंय ते कळत नाही. म्हणजे नकाशावर तीन तऱ्हेच्या जागा असतात. जिथे अजून गेलोच नाही ती, जिथे जाऊन आलो ती, आणि जिथे आत्ता आपली नजर आहे ती. हा फरक ध्यानात ठेवा बरं का, पुढे कामाला येणार आहे.

आणखी एक सांगायला हवं. आपल्या माणसांवर कुणी हल्ला केला की खेळात तुतारी वाजते. ती ऐकली की सगळे सावध होतात, इकडे-तिकडे धावाधाव सुरू होते. बहुतेकांचा सगळा भरवसा या तुतारीवर.

आता आतेभावाकडे वळू. दर मे महिन्यात आम्ही सांगलीला आजीकडे जमतो. माझा मोठा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे नुसतंच दादा म्हणतो, मी, माझी धाकटी बहीण आणि हा आतेभाऊ. २०२३ सालची गोष्ट. तेव्हा तो नुकताच आठवीत गेला होता. त्याला लहानपणापासून कमी ऐकू येतं. कानाला यंत्र असतं, आणि समोरच्याच्या ओठांकडे बघूनही त्याला बरंच समजतं. पण यंत्र आवाज मोठा करतं तेव्हा माणसाचं बोलणं आणि पंख्याची घरघर दोन्ही मोठी करतं. खोलीत चारजण एकदम ओरडायला लागले की त्याला नुसता गलका ऐकू येतो. आणि ओठ वाचायचे म्हणाल, तर डोळे पडद्यावर असताना आमच्या तोंडाकडे बघणार कसा?

त्या सुट्टीत शेजारच्या सोसायटीतल्या चौघांशी आमचा सामना ठरला. ते त्यांच्या घरून खेळणार, आम्ही आजीच्या माळ्यावरून. ठरवण्यासाठी फोन झाला तेव्हा पलीकडचा एकजण सहज म्हणाला, "त्याच्याऐवजी दुसरा कुणीतरी घ्या की. त्याला तुतारी ऐकू येणार नाही, तुमच्या हाका ऐकू येणार नाहीत. मग तुम्ही तीनच झालात." तो काही वाईट बोलत नव्हता, उलट आमचीच काळजी करत होता. पण फोन स्पीकरवर होता आणि आतेभाऊ दादाच्या तोंडाकडे बघत होता. दादाचा चेहरा पडला तेव्हाच त्याला सगळं कळलं. तो उठून खाली आजीकडे गेला आणि लसूण सोलत बसला.

शाळेत क्रिकेटच्या वेळी त्याला असंच स्कोअर लिहायला बसवतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. इथेही तेच झालं असतं, तर पुढच्या मे महिन्यात तो सांगलीला आला असता की नाही कोण जाणे. दादा फोनवर एवढंच म्हणाला, "आम्ही चौघंच खेळणार." मग खाली जाऊन त्याला वर घेऊन आला. "तू एकटा खेळतोस तेव्हा हल्ला झाल्याचं तुला कसं कळतं?" त्यानं समोर बसून, सावकाश विचारलं.

आतेभाऊ म्हणाला, "झाल्याचं नाही कळत. होणार असल्याचं कळतं."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यानं समजावून सांगितलं. तुतारी वाजते तेव्हा भाला लागलेला असतो. म्हणजे ती झालेली गोष्ट सांगते. आणि दोन भालेकरी आलेत की वीस घोडेस्वार, ते ती सांगत नाही. नकाशावर मात्र शत्रूचे ठिपके गावाच्या वेशीशी यायच्या आधीच दिसतात, फक्त तिकडे नजर हवी. "तुम्ही तुतारीची वाट बघता," तो म्हणाला. "माझ्याकडे वाट बघायला तुतारीच नाही. म्हणून मी नकाशा बघतो."

पुढचे तीन दिवस तो आमचा मास्तर झाला. त्याच्या युक्त्या अगदी साध्या होत्या. तुम्हालाही जमतील.

पहिली युक्ती म्हणजे एक काम, एक नजर. गावकऱ्याला लाकूड तोडायला लावलं, की कोपऱ्यात एक नजर. घर बांधायला सांगितलं, की पुन्हा एक नजर. टक लावून बघायचं नाही, नुसता कटाक्ष टाकायचा. आमची आत्या स्कूटर चालवताना आरशात बघते ना, तसं. आरशात बघत बसलं तर स्कूटर खड्ड्यात जाईल, आणि बघितलंच नाही तर मागून ट्रक येईल! पहिल्या दिवशी माझी बहीण प्रत्येक कटाक्षाला मोठ्यानं "बघितला" म्हणायची. आजी खालून विचारायची, "अगं, काय बघितलंस एवढं?" दुसऱ्या दिवशी तिला म्हणावं लागेना. मान आपोआप वळू लागली.

दुसरी युक्ती रंगांची. आठ जण म्हणजे आठ रंग. घाईत कोण आपला नि कोण परका, डोकं गरगरतं. या खेळात नकाशाचे रंग बदलून फक्त आपण, दोस्त आणि शत्रू एवढेच वेगवेगळे दाखवता येतात. मग शत्रू सगळे लाल. लाल दिसलं की डोळा आपोआप तिकडे जातो, विचार करावा लागत नाही. लढाई नसेल तेव्हा नकाशावर फक्त गावकरी, सोनं, दगड असंही बघता येतं, आणि लढाईच्या वेळी फक्त सैन्य.

तिसरी युक्ती सगळ्यात अवघड. जे दिसत नाही त्याचा हिशेब ठेवायचा. मघाशी डावीकडे दहा घोडे दिसले होते. आता तिथे कुणी नाही. मग ते गेले कुठे? जमिनीत तर शिरले नाहीत! नकाशाचा जो भाग अंधुक आहे, तिथेच कुठेतरी असणार. आतेभाऊ म्हणायचा, "लाल ठिपका दिसला तर बरंच. गायब झाला तर मात्र घाबरायचं." आणि अंधुक जागा फार वाढली, तर तिथे टेहळणीचा एक मनोरा बांधून टाकायचा. मनोरा लढत नाही, नुसता बघतो. पण बघणं हेसुद्धा कामच आहे.

चौथी गोष्ट आम्ही त्याच्यासाठी म्हणून ठरवली, पण उपयोगी पडली सगळ्यांनाच. ओरडायचं नाही. नकाशाशेजारी एक बटण असतं, ते दाबून नकाशावर जागा दाखवली की सगळ्या दोस्तांच्या नकाशावर तिथे खूण चमकते. 'फ्लेअर' म्हणतात त्याला. "अरे तिकडे बघा, तिकडे!" असं चौघं एकदम ओरडले की तिकडे म्हणजे कुठे, हे चांगलं ऐकू येणाऱ्यालाही कळत नाही. खूण मात्र नेमकी जागा दाखवते. नियम एकच केला होता, उगाच फ्लेअर सोडायचं नाही. नाहीतर 'लांडगा आला रे आला' व्हायचं!

सामना झाला 'ब्लॅक फॉरेस्ट' नावाच्या नकाशावर. या नकाशावर गावांच्या मधे दाट जंगल असतं आणि जायला यायला अरुंद वाटा. त्या वाटांवर भिंती बांधून दरवाजे बसवले की गाव सुरक्षित. आम्हीही तेच केलं. तासभर डाव रंगला. मग उत्तरेच्या दरवाजावर त्यांनी जोराची धडक मारली. तुताऱ्यांवर तुताऱ्या वाजू लागल्या. दादा, मी आणि माझी बहीण, तिघांनी सगळं सैन्य तिकडे नेलं.

इतक्यात नकाशावर खूण चमकली. उत्तरेला नाही, भलतीकडेच. पूर्वेला, भर जंगलात!

तिथे शत्रू दिसत नव्हता. तिथून तुतारीही वाजली नव्हती, कारण आमच्यातल्या कुणाला खरचटलंही नव्हतं. पण आतेभावानं त्या जंगलाच्या कडेला टेहळणीचा मनोरा बांधला होता आणि त्याची नजर कोपऱ्यात जात होती. नकाशावरचा गर्द हिरवा पट्टा एका जागी पातळ होत होता. एक झाड गेलं, दोन गेली... या खेळात 'ओनेजर' नावाचं दगड फेकणारं यंत्र असतं, त्याच्या माऱ्यानं झाडंसुद्धा आडवी होतात. उत्तरेला आवाज करून ते पूर्वेकडून जंगलातून नवी वाटच पाडत होते! मनोरा नसता तर नकाशानं आम्हाला जुनं जंगलच दाखवलं असतं. मघाशी सांगितलेला तीन तऱ्हेच्या जागांचा फरक आठवतो ना? तोच हा.

दादानं एक शब्द न बोलता अर्धं सैन्य वळवलं. शेवटचं झाड पडलं तेव्हा फटीच्या अलीकडे आमचे भालेकरी रांगेत उभे होते. त्यांचे घोडे आत शिरले आणि भाल्यांवर जाऊन आदळले. त्यानंतर पाऊण तासानं तो डाव आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशीचा हरलो, हेही सांगून टाकते. कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या सोसायटीतून फोन आला. तोच मुलगा होता. म्हणाला, "आज संघ बदलूया का? तो आमच्याकडून खेळेल." दादानं फोन खाली ठेवून आतेभावाकडे तोंड केलं आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. आतेभावानं थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. मग ऐटीत म्हणाला, "आजच्या दिवस जातो. पण त्यांना सांग, ओरडायचं नाही. फ्लेअर वापरायचं." आणि गेला की खरंच! संध्याकाळी आम्हाला धूळ चारून, त्यांच्याकडचं आंब्याचं आइस्क्रीम खाऊन परत आला.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. पुढचा डाव कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण बंद करून खेळा. पहिल्या डावात हराल, हरकत नाही. डाव संपला की लगेच दुसरा सुरू करू नका. (आजीचा नियम तसाही दिवसाला एकच डाव असा आहे!) एक कोरा कागद घ्या आणि आठवेल तसा नकाशा काढा. आपलं गाव, सोन्याच्या खाणी, अरुंद वाटा, आणि शत्रू कुठून आला तो बाण. मग खेळाचं रेकॉर्डिंग लावून ताडून बघा. कागदावर जो भाग कोराच राहिला असेल, तिकडे तुमची नजर गेलीच नव्हती. पुढच्या डावात तुमचा पहिला मनोरा तिथे बांधा.