करंट चालू, लक्ष मोबाइलवर

उंब्रजसारख्या गावात फिजिओथेरपी करणाऱ्याला एक वाक्य रोज ऐकावं लागतं, "डॉक्टर, जरा करंट वाढवा की!" अंगावरून वारं गेलेला पेशंट आमच्यापर्यंत येतो तो बरीच वळणं घेऊन. कराड-साताऱ्याच्या दवाखान्यातून घरी, मग कुणी सांगितलेलं तेल, क्वचित पारव्याचं रक्तसुद्धा चोळून झालेलं असतं. हाताच्या मागच्या बाजूला, कोपराखाली पॅड चिकटवून मशीन सुरू केलं आणि आखडलेली बोटं उघडायला लागली, की घरच्यांचे चेहरे फुलतात. पेशंट मात्र दुसऱ्या हातात मोबाइल धरून बैलगाडा शर्यत बघत असतो.

माझं भांडण त्या मोबाइलशी आहे, आणि त्यामागे बरंच संशोधन आहे.

एक पेशी दुसरीला चेतवण्यात वारंवार भाग घेत असेल, तर त्या दोघींमधला दुवा पक्का होत जातो, असं कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 साली मांडलं. जिवंत माणसाच्या मेंदूत ते तपासायला साधन मिळालं 1985 मध्ये. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर नुसती कॉइल धरून, चुंबकीय झटक्याने हाताचे स्नायू हलवून दाखवले. पुढे 2000 साली जर्मनीतल्या रोस्टॉकच्या संशोधकांनी दोन गोष्टींची जोडी लावली. मनगटातल्या मीडियन नर्व्हला करंटचा एक ठोका द्यायचा आणि 25 मिलिसेकंदांनी मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागावर चुंबकीय झटका. मनगटावरचा संदेश मेंदूत पोचायला सुमारे 20 मिलिसेकंद लागतात. तो पोचून पुढे सरकतोय तोवर वरून झटका येतो. दर 20 सेकंदांना एक अशा 90 जोड्या, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर तेवढ्याच चुंबकीय झटक्याला अंगठ्याचा स्नायू आधीपेक्षा जोरात उत्तर द्यायला लागला, आणि हा फरक निदान अर्धा तास टिकला. हेच अंतर 10 मिलिसेकंद ठेवलं, तर उत्तर उलट मंदावतं. करंट तोच, नस तीच, फरक फक्त 15 मिलिसेकंदांचा!

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो याच मंडळींचा 2004 चा प्रयोग. जोड्या चालू असताना माणूस आपल्या हाताकडे बघत असेल, तर परिणाम सर्वांत जास्त. त्याचं लक्ष दुसरीकडे गुंतवलं, की परिणाम नाहीसा.

आता हे सगळं निरोगी माणसांवर झालं, आणि त्यांच्यातही प्रत्येकाला सारखा गुण आला नाही. उपचार म्हणून पुढे गेलेली जोडी थोडी वेगळी आहे. छातीत यंत्र बसवून मानेतल्या व्हेगस नर्व्हला तार जोडतात. पेशंटने हात हलवला, की त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबून अर्ध्या सेकंदाची उत्तेजना देतो. जुन्या स्ट्रोकच्या 108 पेशंटांवरच्या चाचणीनंतर 2021 मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली. ऑपरेशन आणि खर्च बघता आपल्याकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला ते परवडेल, असं इतक्यात तरी मला दिसत नाही.

माझ्याकडे आहे ते साधं स्टिम्युलेटर. त्याच्यावर मी एवढंच करतो: करंटची लाट यायच्या जरा आधी सांगतो, "आबा, मूठ उघडा." आबा जोर लावतात, कपाळाला आठ्या पडतात, बोट तसूभर हलतं किंवा हलतही नाही, आणि तेवढ्यात करंट येऊन मूठ उघडतो. समोर पाण्याचा पेला ठेवला, तर प्रयत्नाला काही ठिकाण मिळतं. मिलिसेकंदांचा हिशेब माझ्या तोंडच्या हुकमाने जुळत नाही, हे उघड आहे. प्रयत्न आणि करंट जुळवणाऱ्या मशीनचा जादा फायदाही सगळ्याच अभ्यासांत दिसलेला नाही. पण झोपून करंट घेणारा आणि स्वतः जोर लावणारा, यांत मी दुसऱ्याच्याच बाजूने उभा राहीन. फुकटचा उपाय आहे, अपाय काही नाही.

करंट वाढवून मात्र काही मिळत नाही, कातडी तेवढी भाजते. पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील, तर पॅड लावण्याआधीच सांगा. आणि घरच्यांना एक विनंती: मशीन चालू असेपर्यंत पेशंटचा मोबाइल तुमच्या खिशात ठेवा, आणि त्यांना हाताकडे बघायला लावा.