इंग्लंडच्या खेड्यात तीन बडोदेकर



बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलोय. जून २०२३ मध्ये मी आणि सौ. अठरा दिवस इंग्लंडला जाऊन आलो. तेव्हा मी त्र्याहत्तरचा, ही एकोणसत्तरची. लंडनचं घड्याळ, राजवाडा, नदीकाठचा तो मोठा पाळणा, हे सगळं आपल्यापैकी बहुतेकांनी मुलांकडे जाऊन पाहिलेलं आहे, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. आम्ही गेलो होतो ते खेडी बघायला, आणि त्याहून जास्त दोन माणसांना भेटायला. शिवाय माझ्या बॅगेत एक फाईल होती. ती कशाची, ते सांगतो.

पहिला माणूस आमचा 'कंपाला'. खरं नाव वेगळं, पण दांडिया बाजारातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत तो याच नावानं ओळखला जायचा. जातीचा गुजराती, जन्म युगांडाचा. १९६८ साली बी.कॉम.ला म.स. विद्यापीठात आला आणि आमच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहिला. आईच्या हातचं जेवून जेवून सहा महिन्यांत मराठी बोलायला लागला. त्याची मराठी म्हणजे निम्मी आमची, निम्मी गुजराती आणि मध्येच स्वाहिली. सुरीला 'कीसू' म्हणायचा. आमच्या घरात आजही सुरीला कीसूच म्हणतात.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. याचे आईवडील एकेक सुटकेस घेऊन इंग्लंडला लेस्टरला पोचले. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात 'आमच्या शहरात येऊ नका' अशी जाहिरात दिली होती. तरी हजारो लोक तिथेच गेले! १९७४ मध्ये हाही गेला. स्टेशनवर आई त्याला पोचवायला आली होती, तिच्या डब्यातल्या दशम्या त्यानं विमानात खाल्ल्या.

दुसरा आमचा डॉक्टर. हा मात्र आपला मराठी, चार घरं सोडून राहणारा. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला, १९७६ मध्ये इंग्लंडला गेला. त्या काळात आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत गेले आणि त्यांतले बरेच लहान गावांत फॅमिली डॉक्टर झाले. हा उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टच्या कडेला, केंडलजवळच्या एका खेड्यात स्थिरावला. तीस वर्षं तिथे प्रॅक्टिस केली. वहिनी रावपुऱ्यातल्या. २०२० मध्ये त्या गेल्या. मुलगा लंडनला, मुलगी कॅनडात.

वहिनी गेल्यापासून दर रविवारी त्याचा फोन. आणि दर फोनच्या शेवटी एकच वाक्य : "मला बडोद्यात एक फ्लॅट बघ रे. आता इथे काही नाही." म्हटलं, प्रत्यक्ष भेटून बोलू. अलकापुरी, मांजलपूर आणि वासणा रोड इथल्या तीन फ्लॅटचे नकाशे, किमती, मेंटेनन्स, जवळची हॉस्पिटलं असं सगळं टाचून एक फाईल केली. पस्तीस वर्षं लोकांच्या कर्जाच्या फायली पाहिल्या, मित्राची एक करणं अवघड नव्हतं.

पहिले पाच दिवस आम्ही दोघंच कॉट्सवोल्ड्समध्ये होतो. पॅडिंग्टनहून मोर्टन-इन-मार्शला गाडीनं साधारण दीड तास. घरं सगळी मधाच्या रंगाच्या चुनखडीची, छपरंसुद्धा दगडी. बायबरी गावात आर्लिंग्टन रो नावाची घरांची एक ओळ आहे. चौदाव्या शतकात ती लोकर साठवायची वखार होती, सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. मध्ययुगात लोकर हाच इंग्लंडचा मोठा व्यापार. चिपिंग कॅम्पडनचं भलंमोठं चर्च लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशातून उभं राहिलं. पुढे कापडाच्या गिरण्या उत्तरेला यॉर्कशरकडे वाढल्या, पैसा तिकडे गेला आणि इथली माणसं गरीब झाली. जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसेच उरले नाहीत, म्हणून ती तशीच राहिली आणि आज तीच बघायला जग येतं. कॉमर्सवाल्याला गंमत वाटावी असा हा हिशेब आहे.

तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पायवाटा. शेत कुणाचंही असो, त्यातून जाणारी जुनी सार्वजनिक वाट असेल तर तिच्यावरून चालायचा हक्क कायद्यानं सगळ्यांना आहे. खांबावर पिवळा बाण, कुंपणाला ओलांडायच्या लाकडी पायऱ्या. सौ.नं पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूज घालून अशी सतरा कुंपणं ओलांडली, मी मोजली. पलीकडून येणारा प्रत्येक माणूस 'मॉर्निंग' म्हणतो, तेव्हा दुपारी बारा वाजले तरी आम्हीही म्हणायला लागलो. एका फाटकापाशी अंड्यांचे खोके आणि शेजारी पत्र्याचा डबा. पैसे टाका, अंडी न्या, बघायला कुणी नाही. मी डबा हलवून पाहिला, तर चांगला जड होता!

एका गावात बँकेच्या जुन्या दगडी इमारतीत कॅफे होता. काउंटरच्या जागी केक मांडलेले. खेड्यांतल्या शाखा तिथे भराभर बंद होतायत, पुष्कळ ठिकाणी पोस्टाच्या खिडकीवरच पैसे भरतात. मला जरा कसंसंच झालं. त्यात चहा आणि स्कोनचं बिल बघून मी सवयीनं रुपयांत हिशेब करायला लागलो. सौ. म्हणाली, "अहो, शंभरानं गुणणं बंद करा, नाहीतर मी एकटीच खाते." तेव्हापासून गुणाकार बंद.

तिथून लेस्टर. कंपाला स्टेशनवर आला होता, हातात काठी. चौपन्न वर्षांची ओळख, पण आम्ही समोरासमोर भेटत होतो बारा वर्षांनी. "काय रे, टक्कल पडलं तुला," हे पहिलं वाक्य, तेही खणखणीत मराठीत. मागच्या वर्षी त्याच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं आणि लांबचा विमानप्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केला. हे त्यानं फोनवर सांगितलं नव्हतं. बेलग्रेव्ह रोडवर, ज्याला तिथे गोल्डन माइल म्हणतात, साड्यांची आणि सोन्याची दुकानं, फरसाण, गुजराती पाट्या. रस्त्यानं चालताना आपण मांडवीतच आहोत असं वाटतं. सौ.नं आणलेला लीलो चिवडा त्यानं दुकानात उभं राहूनच फोडला, आणि खाताना काही बोलला नाही.

दोन दिवसांनी त्याच्या मुलानं आम्हा चौघांना गाडीनं उत्तरेला सोडलं. साडेतीन-चार तासांचा रस्ता. हळूहळू सपाट शेतं संपतात आणि उघडे हिरवे डोंगर सुरू होतात. डॉक्टर दारातच उभा होता. बारीक झालेला. आम्ही तिघं एका खोलीत शेवटचे बसलो होतो ते माझ्या मुलाच्या लग्नात, त्यानंतर हेच.

चार दिवस डॉक्टरनं आम्हाला हिंडवलं. विंडरमियर सरोवर, इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं. ग्रासमियरला वर्ड्सवर्थचं डव्ह कॉटेज आणि चर्चच्या आवारातली त्याची साधी कबर. डॅफोडिलची कविता आपण शाळेत घोकली, पण ते फूल कसं दिसतं हे बडोद्यात कुणाला माहीत होतं? जूनमध्ये तिथेही एक दिसलं नाही, त्यांचा हंगाम वसंतात संपतो. बिआट्रिक्स पॉटरचं हिल टॉप हे घरही पाहिलं. सशांच्या गोष्टी लिहून मिळालेल्या पैशांतून या बाईंनी शेतं घ्यायला सुरुवात केली आणि १९४३ मध्ये वारल्या तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेल्या. म्हणून ते डोंगर आजही मोकळे आहेत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आम्हाला घराजवळच्या टेकडीवर घेऊन गेला. कंपाला अर्ध्या वाटेवर काठी टेकून बसला, आम्ही पुढे गेलो. उतारावर राखी रंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या मेंढ्या चरत होत्या. हर्डविक त्यांचं नाव. कोकरं जन्मतात काळी आणि वयाबरोबर राखी होतात. "आपल्यासारखीच," डॉक्टर म्हणाला. वर डोंगरावर कुंपण नव्हतं. मी विचारलं, या पळून जात नाहीत? तेव्हा त्यानं सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. या मेंढ्यांना तिथे 'हेफ्टेड' म्हणतात. आई ज्या उतारावर चरली तो उतार कोकरू तिच्याबरोबर फिरून शिकतं, आणि मोठं झाल्यावर आपल्या पिल्लाला शिकवतं. त्यामुळे कुंपण लागत नाही. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत त्या भागातल्या लाखो मेंढ्या माराव्या लागल्या. काही ठिकाणी कळपच्या कळप गेले. नव्या मेंढ्या विकत मिळतात, पण त्यांना डोंगर माहीत नसतो, पुन्हा पहिल्यापासून राखत बसावं लागतं.

माथ्यापाशी एक लाकडी बाक होता. मागे पितळी पट्टी, त्यावर वहिनींचं नाव, जन्म-मृत्यूचं साल, आणि खाली इंग्रजीत एकच शब्द : बडोदा. आपल्याकडे पाणपोई बांधतात तसे तिकडे माणसाच्या आठवणीत बाक ठेवतात. आम्ही बसलो होतो तेवढ्यात कुत्रा घेऊन एक म्हातारा आला. "डॉक्टर, गुडघा बरा आहे आता," असं काहीसं म्हणाला, बाकाच्या हाताला हलकेच हात लावला आणि गेला. डॉक्टर म्हणाला, "याच्या तिन्ही मुलांना गोवराची लस मी टोचली."

त्या रात्री साडेनऊ वाजले तरी उजेड होता. सौ.नं पिठलं-भात केला होता. जेवण झाल्यावर डॉक्टर म्हणाला, "काढ ती फाईल." त्यानं तिन्ही नकाशे नीट पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाला, "तू बँकेत होतास. कर्जदाराला सांगायचास तसं सरळ सांग. येऊ की नको?"

मी त्याला खरं तेच सांगितलं. म्हटलं, फ्लॅट चांगला मिळेल, हॉस्पिटलं चांगली आहेत, पैशाची अडचण तुला नाही. पण हिशेबाची दुसरी बाजू ऐक. आपला वाडा पाडून तिथे पाच मजली इमारत झालीय. गल्लीतली ओळखीची आठ घरं होती, त्यातली दोन उरली. तुला हवंय ते १९७४ चं बडोदं. ते असतं तर मी स्वतःच तिथे राहायला गेलो असतो. तिथे तू लिफ्टमध्ये 'डॉक्टर' म्हणून कुणालाच माहीत नसशील. इथे कुत्रा फिरवणारा माणूस तुला गुडघ्याचं सांगतो.

तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण इथे मला 'अरे' म्हणणारं कुणी राहिलं नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपाला तिकडून म्हणाला, "मी काय मेलोय का? चार तासांवर आहे. महिन्यातून एकदा येत जा, मी 'अरे' सोडून दुसरं काही म्हणणार नाही." सगळे हसलो. कंपालाच्या बायकोनं मग व्यवहाराचं काय ते बोलून टाकलं : फ्लॅट घ्यायचा नाही. थंडीत तिकडे अंधार पडतो दुपारी चारला, तेवढे दिवस बडोद्याला, आमच्या वरच्या खोलीत राहायचं. बाकी वर्ष आपल्या डोंगरावर.

तसंच झालं. डिसेंबरात डॉक्टर आला आणि सात आठवडे राहिला. रोज सकाळी सूरसागरला फेरी, सेव-उसळ, कमाटीबाग, वाड्याच्या जागी उभ्या इमारतीसमोर पाच मिनिटं थांबणं. फेब्रुवारी लागला तसा तो स्वतःच तिकीट बघायला लागला. म्हणाला, बाकाला दरवर्षी वसंताआधी तेल लावावं लागतं, नाहीतर लाकूड फुटतं. निघताना फाईल मागितली नाही.

आता लेस्टरला तो खरंच महिन्यातून एकदा जातो. रविवारी तिघांचा एकत्र व्हिडिओ कॉल असतो. कंपाला विमानात बसू शकत नाही, माझे गुडघे फार दिवस साथ देतील असं नाही, तेव्हा तिघं पुन्हा एका खोलीत बसू की नाही सांगता येत नाही. पण बसलो होतो, हे पक्कं आहे.

आपण बडोद्याचे, इंदूरचे, ग्वाल्हेरचे, बेळगावचे लोक. आपले खापरपणजे कुठून तरी येऊनच इथले झाले. म्हणून बाहेर गेलेल्यांना "परत ये" म्हणण्याआधी तो तिकडे कुठल्या उतारावर चरतोय हे एकदा जाऊन बघावं असं मला वाटतं.

जाणार असाल तर तीन गोष्टी. साठीच्या वरच्यांना तिथे सीनियर रेलकार्ड मिळतं, पासपोर्ट दाखवून काढा, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट आहे. सत्तरीनंतरचा प्रवास विमा महाग पडतो, पण त्यात काटकसर नको, आणि आधीचे आजार फॉर्मवर लिहाच. आणि बॅगेत लीलो चिवडा न्या, एक नव्हे, चार पाकिटं.