पटदूरची मसलत

मराठवाड्यात दक्षिणेला उदगीर, त्याच्या वायव्येला परतूर आणि या दोहोंच्या मधे गोदावरी. 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या लढाईत निजामाला नमवलं, आणि महिन्याभरातच पेशव्यांची छावणी परतूरला, म्हणजे तेव्हाच्या पटदूरला, पडली. मराठ्यांच्या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला निर्णय तिथे झाला. पानिपतावर आपण भरभरून बोलतो, पटदूरवर क्वचितच. लष्करी इतिहासाच्या अभ्यासात मला मात्र रणांगणाइतकीच ही मसलत महत्त्वाची वाटत आली आहे.

उत्तरेत मराठे गेले होते ते करारानं बांधलेले. 1752 मध्ये वजीर सफदरजंगानं मुघल बादशहाच्या वतीनं अहमदिया करार केला. अफगाण शहा अब्दाली आणि रोहिले यांच्यापासून बादशहाला राखायचं, बदल्यात 50 लाख रुपये आणि चौथाईचे हक्क. 1758 मध्ये राघोबादादा लाहोरला पोहोचले खरे, पण परतताना सोबत खजिना नव्हता, कर्ज होतं. पुढच्या वर्षी दत्ताजी शिंदे शुक्रतालला रोहिला सरदार नजीबखानाशी झुंजत अडकले. नोव्हेंबर 1759 मध्ये दुसऱ्या आलमगीर बादशहाचा खून झाला. ज्याला राखायचं तोच गेला, आणि मारेकरी घातले ते मराठ्यांचा दिल्लीतला दोस्त असलेल्या वजीर इमादुल्मुल्कानं! 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर अब्दाली-नजीबखानाच्या फौजेशी लढताना दत्ताजी पडले.

ही खबर दक्षिणेत आल्यावर दोन वाटा होत्या: चंबळेच्या अलीकडे सरून माळवा राखायचा, किंवा नवी फौज पाठवायची.

नवी फौज पाठवणं हा वेडेपणा होता असं मला वाटत नाही. मल्हारराव होळकर आणि जनकोजी शिंदे अजून तिकडेच होते. त्यांना वाऱ्यावर सोडणं पेशव्यांना शक्य नव्हतं. चूक वेगळीच होती. पटदूरहून पेशव्यांचे पुत्र विश्वासराव निघाले, भाऊ निघाले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा निघाल्या, यात्रेकरू आणि बायकामुलंही निघाली; पण उत्तरेत आपल्या बाजूनं उभं कोण राहणार, याचा बंदोबस्त झाला नाही. राजपूत अलिप्त राहिले. अवधचा नवाब शुजाउद्दौला जुलैमध्ये अब्दालीला जाऊन मिळाला. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, आणि थोड्याच दिवसांत सूरजमल जाट निघून गेला. पैशांची ओढ अशी की दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली. थांबायची जागा होती ती इथे, दिल्लीत. करार उरला नव्हता, दोस्त उरले नव्हते, आणि मागची वाट अजून मोकळी होती.

असंच कोडं आपल्या हयातीत श्रीलंकेत पडलं. 29 जुलै 1987 च्या करारानुसार भारतीय शांतिसेना तिथे उतरली, आणि ऑक्टोबरपासून तिला तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईशीच लढावं लागलं. 25 नोव्हेंबरला 8 महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. फौज वाढवत नेली, तसा यजमान दुरावत गेला. राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनीच शेवटी शांतिसेनेला जायला सांगितलं. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे 1,200 जवान गेले होते. ती माघार अनेकांना नामुष्की वाटली. मला ती त्या मोहिमेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. खंत एवढीच की तो फार उशिरा झाला.

भाऊंपुढेही तडजोड होती. शुजामार्फत बोलणी चालू होती, त्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित निरोप पोहोचवत होता. नजीबखानानं ती हाणून पाडली. ऑक्टोबरात भाऊ दिल्लीहून उत्तरेला कुंजपुऱ्याकडे वळले, आणि त्याच महिन्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

मला सर्वांत जास्त खुपते ती तख्ताची गोष्ट. कुंजपुऱ्यापूर्वी भाऊंनी दिल्लीत दुसऱ्या आलमगीराच्या मुलाच्या, शाहआलमच्या, नावानं द्वाही फिरवली होती. पानिपत जिंकूनही अब्दाली दिल्लीत टिकला नाही. पगार थकल्यानं त्याचं सैन्य परत फिरण्यासाठी अडून बसलं. मार्च 1761 मध्ये तो निघाला, आणि त्यानंही बादशहा म्हणून मान्य केला तो शाहआलमच.