नाक कशाचं असावं?

विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला जुलैच्या शेवटी घरी बांधलेली विमानं जमतात. मी तिथे मुख्यतः त्यांची नाकं बघत हिंडतो! नाक म्हणजे इंजिनावरचं झाकण, काउलिंग. व्हॅन्सच्या 'आरव्ही' विमानांचं अंग ॲल्युमिनियमचं, पण काउलिंग फायबरग्लासचं. काकूला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "अरे, म्हणजे बाथरूमच्या दारासारखं?"

साधारण तसंच. पत्रा एका दिशेने सहज वळतो. त्याला दोन्हीकडून गोलाई द्यायची तर ठोकून, ताणून आणावी लागते, आणि तो हात सगळ्यांना नसतो. काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवलं की हवा तो आकार मिळतो.

उष्णतेपुढे मात्र गणित उलटतं. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सियसला वितळतं. घरी वापरतात ती बरीचशी इपॉक्सी शंभरच्या आतच मऊ पडू लागते. म्हणून एक्झॉस्ट पाइपजवळ आतून चकचकीत फॉइल चिकटवतात. तिथे रेझिन तपकिरी दिसलं, तर ती सूचनाच समजायची.

आणि आग लागली तर? तेव्हा भिस्त दोन्ही झाकणांवर नसते. ती असते इंजिनामागच्या फायरवॉलवर, म्हणजे बहुधा जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर.

मला विचाराल तर फायबर घ्यावं, पण काउलिंग उघडून आतली बाजू नियमित बघणार असाल तरच. रंगाचं कौतुक बाहेरून होतं, तब्येत आतूनच कळते.

तुमचं मत काय? काकूचं आलंच आहे :)